हिरवी

वाघदरीच्या ग्रामीण रुग्णालयात डॉ. उत्तरा चौगुले पोचली तेव्हा तिला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. ओपीडीच्या बाकावर बसलेल्या बायकांनी तिच्या गाडीवरची ‘मातृबंध’ची खूण पाहिली, एकीने दुसरीला कोपराने डिवचलं आणि सगळ्यांनी तोंडं फिरवली. एका म्हातारीने तिच्या वाटेत पानाची पिंक टाकली. अगदी पायावर नाही, पण चुकून पडली म्हणावं इतकी लांबही नाही.

उत्तराला असल्या स्वागताची सवय नव्हती. मिरजेहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्यापासून तिची हयात माता-बाल आरोग्यात गेली होती. आफ्रिकेतल्या सरोवराकाठच्या गावांत बायकांनी तिच्याभोवती फेर धरला होता, नेपाळात डोंगरावरच्या एका दवाखान्याला लोक तिचं नाव द्यायला निघाले होते. आता ती मातृबंध या जागतिक संस्थेची प्रमुख शास्त्रज्ञ होती, जिनिव्हात राहत होती, आणि लवकरच अनेक देशांचे आरोग्यमंत्री तिच्या मशीनच्या करारावर सह्या करणार होते. त्याआधी वाघदरीतली गडबड तेवढी मिटवून ये, असं संस्थेच्या संचालिका डॉ. हॅनसेन यांनी तिला सांगितलं होतं. तिथली माणसं तुझी आहेत, भाषा तुझी आहे, असं त्यांचं म्हणणं.

गडबड म्हणजे यमुना भोये नावाची एक तरुण बाई बाळंतपणात गेली होती आणि तिच्या उंबरपाड्यावरच्या लोकांनी उपकेंद्रातलं मशीन उचलून नेऊन समाजमंदिरात कुलपात ठेवलं होतं.

मशीनचं कागदोपत्री नाव ‘सूचक’. लोक त्याला रंगाचं मशीन म्हणत. आकाराने ते शिलाई मशीनएवढं असेल. गरोदर बाईच्या बोटातून थोडं रक्त घ्यायचं, मशीनच्या खाचेत ठेवायचं, आणि दुपारपर्यंत उत्तर यायचं.

ते उत्तर देत असे ती खरं तर वार. गर्भाला पोसणाऱ्या वारेतल्या पेशी सतत मरत असतात आणि नव्या होत असतात. मरताना त्या आपल्यातले आरएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात सोडतात. कोणतं जनुक जागं आहे आणि कोणतं झोपलं आहे, याची ती घरातून बाहेर फुटलेली बातमीच. वार गर्भपिशवीच्या भिंतीत नीट रुजली नाही, तर पुढे महिने भरत आले की आईचा रक्तदाब चढतो, झटके येतात, मूल खुरटतं किंवा वेळेआधी येतं. पण रुजण्यातली ती खोट तिसऱ्या महिन्यातच रक्तात दिसायला लागते, फक्त वाचणारा हवा. उत्तराने आपल्या उमेदीची सगळी वर्षं हे वाचन मशीनला शिकवण्यात घातली होती. वार बिघडलेली असेल तर तांबडा निकाल, नीट असेल तर हिरवा.

आणि मशीन चुकत नसे. तांबड्या बायकांना वेळेवर गोळ्या सुरू झाल्या, वेळेवर दवाखान्यात आणलं गेलं. झटक्यांनी मरणाऱ्या बाया वाचू लागल्या. उत्तराने नुसतं हे एवढंच केलं असतं तरी तिचं नाव राहिलं असतं.

पण हिशेब करणाऱ्या माणसांनी पुढचा प्रश्न विचारला. कोणाला धोका आहे हे कळतं, तर कोणाला नाही हेही कळतं. मग हिरव्या बायकांसाठी तालुक्यातालुक्याला भूलतज्ज्ञ, रक्ताचा फ्रिज आणि रुग्णवाहिका कशाला ठेवायची? सगळं जिल्ह्याला एका जागी आणा, तांबड्यांना तिथे न्या. हिरव्यांचं बाळंतपण उपकेंद्रातली नर्स करील. उत्तराला तेव्हाच एक गोष्ट ठाऊक होती. मूल आणि वार बाहेर आल्यावर गर्भपिशवीने मूठ वळावी तशी आवळायची असते, म्हणजे उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. कधी ती थकते आणि सैल राहते. मग नळ सोडावा तसं रक्त वाहतं. हे बहुतेकदा धडधाकट बाईच्याच वाट्याला येतं, आणि ते वारेच्या आरएनएत कुठेही लिहिलेलं नसतं. पण असं फार थोड्या जणींचं होतं, आणि वाचणाऱ्या त्याहून कितीतरी जास्त होत्या. उत्तराने योजनेवर सही केली होती, आणि वाघदरीचा रक्ताचा फ्रिज आणि भूलतज्ज्ञ जिल्ह्याला हलले होते.

रंगांनी मग आपले पाय पसरले. तांबड्या सुनांना सासवा माहेरी धाडू लागल्या. मुलगी बघायला आलेले लोक तिच्या थोरल्या बहिणीचा रंग विचारू लागले. आणि हिरवी म्हणजे जिला काही होत नाही अशी बाई, असं ठरून गेलं.

वाघदरीचा वैद्यकीय अधीक्षक डॉ. फिरोज तांबोळी हा उत्तराचा वर्गमित्र. मिरजेला दोघांनी एकाच टेबलावर शवविच्छेदन केलं होतं. तो डोंगरात आला आणि इथेच राहिला. उत्तरा त्याच्या खोलीत गेली तेव्हा त्याने मान वर केली, पण बस म्हटलं नाही.

“अहवाल पाठवलाय मॅडम. वाचला असेल.”

“फिरोज, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“माझ्या तोंडून ऐकायचं होतं तेव्हा मी बोलत होतो. पुण्याच्या बैठकीत. तू व्यासपीठावर होतीस.”

तिला आठवलं. मागच्या रांगेतून उठून त्याने विचारलं होतं, रक्तस्राव रंग बघून येतो का? अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगितलं होतं आणि ती समोरच्या बाटलीतलं पाणी प्यायली होती.

तरीही त्याने सांगितलं. आवाज न चढवता, खिडकीकडे बघत सांगितलं. यमुना सकाळी उपकेंद्रात मोकळी झाली, मुलगी झाली, रडली, सगळं ठीक होतं. मग पिशवी आवळेना. नर्सने इंजेक्शनं दिली, पोट चोळलं, जे करायचं ते सगळं केलं. रुग्णवाहिका एका तांबड्या बाईला तपासणीसाठी जिल्ह्याला घेऊन गेलेली. त्या बाईला काही होत नव्हतं, पण नियम नियम असतो. टोमॅटो नेणारा एक टेम्पो मिळाला, त्यात घालून यमुनेला इथे आणलं. तिला रक्त लागणार होतं आणि पोट उघडावं लागणार होतं. भूल देणारा जिल्ह्याला, रक्तही जिल्ह्याला. तोवर फिरोजने मूठ आत घालून बाहेरून दुसऱ्या हाताने पिशवी दाबून धरली, आणि तशीच धरून तो त्याच टेम्पोत तिच्यासोबत जिल्ह्याकडे घाट उतरायला निघाला.

“सपाटीला लागायच्या आत गेली,” तो म्हणाला. “माझा हात आतच होता. ती गेली हे मला हातालाच कळलं.”

“तुझं मशीन खरं बोललं बरं का. मी वार बघितली. अख्खी, ताटासारखी. तुझ्या पुस्तकात छापावी अशी.”

उंबरपाड्याला त्याने तिला नेलं, पण उपकार म्हणून नाही. तू एकटी गेलीस तर लोक गाडी फोडतील आणि मग पोलीस माझ्या पेशंटांना धरून नेतील, एवढंच तो म्हणाला. वाटेत त्याने एक अक्षर काढलं नाही.

समाजमंदिरासमोर पाडा जमला होता. यमुनेचा नवरा काळूराम खांबाला टेकून उभा होता. त्याची आई रखमी ओट्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर ती मुलगी होती. तिचं नाव अजून ठेवलं नव्हतं. मायलेकांच्या मधे बरीच जागा मोकळी होती. बायको गेल्यापासून काळूरामने आईच्या हातचं खाणं सोडलं होतं, हे फिरोजने तिला गाडीतून उतरता उतरता तुसडेपणाने सांगितलं.

उत्तराने जे बोलायचं ठरवून आणलं होतं ते ती बोलली. दुःख झालं म्हणाली, चौकशी होईल म्हणाली. झटक्यांनी मरणाऱ्या किती बाया या मशीनने वाचवल्या ते सांगितलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, तुमच्या वाचलेल्या तुम्ही मोजा, आम्ही आमची जाळली. मग काळूराम पुढे आला.

“हिला पण विचारा,” आईकडे बोट करत तो म्हणाला. “नववा भरला तरी हिनं तिला खालच्या झऱ्यावरून पाणी आणायला लावलं. मी बोललो तर म्हणते, हिरवीला काय धाड भरलीय.”

रखमी जागची हलली नाही. तिने उत्तराकडे पाहिलं आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्या सगळ्यांशी बोलतात तसंच एकेरीत बोलली.

“तुझ्याच बाया सांगून गेल्या, हिरवीला काय होत नाय. मी मानलं. आता माझा पोर मला खुनी म्हणतो. तू काय म्हणतेस?”

मातृबंधच्या बाया जे सांगून गेल्या ते संस्थेच्या प्रचारपत्रकात होतं आणि ते उत्तराने वाचून मंजूर केलं होतं. ‘हिरवा म्हणजे निर्धास्त.’

“बाई,” रखमी म्हणाली, “तुझ्या घरात कोण हिरवी हाय?”

खोटं बोलणं सोपं होतं. फिरोजलाही खरं ठाऊक नव्हतं, पण तो तिच्याकडे बघत होता.

“माझी मुलगी आहे. दिवस भरत आलेत तिचे.”

“कुठं हाय?”

“पुण्याला.”

“उपकेंद्रात?”

कोणी हसलं नाही. उत्तराने सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलंय. तिथे रक्त ठेवलेलं असतं का, असं काळूरामने विचारलं. असतं, ती म्हणाली.

“मग तिला इकडं आणा,” काळूराम म्हणाला. “ती या उपकेंद्रात मोकळी झाली की तुमचं मशीन तुम्ही न्या. तोवर कुलूप निघणार नाय.”

परत येताना गाडीवर दोन-तीन दगड आले. मागची काच तडकली. फिरोजने गाडी थांबवली नाही आणि दिलगिरीही दाखवली नाही.

विश्रामगृहात आल्यावर तिने मैथिलीला फोन लावला. मैथिली तिची एकुलती मुलगी. उत्तरा देशोदेशी फिरत असताना ती पुण्यात बाप आणि आत्या यांच्या हाताखाली वाढली होती. जगातल्या आयांसाठी आईला वेळ होता, हे ती फार लहानपणीच म्हणायला शिकली होती. आज उत्तराने तिला सगळं सांगितलं, लोकांनी घातलेल्या अटीसकट. का सांगितलं ते तिचं तिलाही कळलं नाही. कदाचित कोणीतरी तिच्या बाजूने बोलावं असं वाटलं असेल.

मैथिलीने विचारलं, “नेशील मला तिकडे?”

“वेड लागलंय का तुला?”

“का गं? हिरवी आहे ना मी? तूच तपासलंस.”

“मैथिली, ते वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे? नको, सांगू नकोस. तुझी उत्तरं मला पाठ आहेत. मी इथेच राहणार आहे, कारण मला भीती वाटते. त्या बाईलाही वाटली असेल. तिला तू सांगितलंस, भिऊ नकोस.” आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. हॅनसेन पडद्यावर आल्या. त्यांना उत्तराकडून एक निष्कर्ष हवा होता. मृत्यू उपकेंद्रातल्या नर्सच्या दिरंगाईने आणि ग्रामीण रुग्णालयाच्या ढिसाळपणाने झाला, सूचकचा निकाल बरोबर होता. यातला दुसरा भाग खरा होता, म्हणून पहिलाही खपून गेला असता. उत्तराने सांगितलं की ती असं लिहिणार नाही. करारात एक कलम घाला, तालुक्याचं रक्त आणि भूलतज्ज्ञ हलवायचे नाहीत, असं ती म्हणाली. हॅनसेन चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं की मशीन परवडतं ते याच बचतीमुळे. बचत गेली की एकही देश सही करणार नाही, मशीन आहे त्यापुढे कुठे जाणार नाही आणि मग तांबड्या बायका पूर्वीसारख्या झटक्यांनी मरतील. त्या कोणाच्या नावावर टाकायच्या?

हेही खोटं नव्हतं. बोलणं संपल्यावर उत्तराने संस्थेच्या मुख्य संगणकाचं पान उघडलं.

जगातलं प्रत्येक सूचक आपला निकाल संस्थेच्या मुख्य संगणकाकडून मागवत असे. मशीन रक्त वाचे आणि त्या वाचनाचा रंग तिथे ठरे. हा रंग ठरवण्याचं सूत्र बदलायला समितीची परवानगी लागायची. पण एक अधिकार प्रमुख शास्त्रज्ञाला एकटीला होता. कोणताही निकाल रुग्णाच्या जिवाला घातक ठरतोय असं दिसलं, तर तो निकाल त्या क्षणी थांबवायचा आणि कारण सगळ्या देशांच्या औषध-नियंत्रकांना एकाच वेळी कळवायचं. हे कलम उत्तरानेच लिहिलं होतं. ते कधी वापरावं लागेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

तांबड्याला तिने हात लावला नाही. हिरवा काढून टाकला. त्याच्या जागी एक वाक्य टाकलं. ‘वार आज नीट दिसते. बाळंतपणाच्या वेळी काय होईल ते या मशीनला सांगता येत नाही.’ कारणाच्या रकान्यात तिने यमुनेची सगळी हकीकत लिहिली, फिरोजने सांगितली तशीच, टेम्पोसकट.

जेवणाच्या वेळेपर्यंत जगभर बोंब झाली. कित्येक देशांतल्या लाखो बायकांच्या हातातला हिरवा निकाल पुसला गेला. दवाखान्यांपुढे रांगा लागल्या, मंत्री संतापले, बायका रडल्या. करार बारगळला, कारण धोका नसलेली बाई असा प्रकारच उरला नाही आणि मग कोणाचा फ्रिज हलवायचा हे कोणाला ठरवता येईना. मातृबंधने उत्तराला काढून टाकलं आणि तिच्यावर खटला भरला. जिच्याबरोबर तिने अर्धं आयुष्य काम केलं होतं अशा सहकारिणीने वर्तमानपत्रात लिहिलं की हा पश्चात्ताप नसून मिरवणं आहे. मैथिलीने एक निरोप पाठवला, की विचारल्याशिवाय माझा निकालही काढून घेतलास, आता माझ्या बाळंतपणाला येऊ नकोस. पुढे मैथिली बाळंत झाली. कसलाही त्रास झाला नाही, जसा बहुतेकींना होत नाही. मुलगा झाल्याचं उत्तराला आपल्या नवऱ्याकडून कळलं.

फिरोजकडून तिला शाबासकीची अपेक्षा नव्हती, पण निदान दोन शब्दांची होती. तो म्हणाला, “पुण्यात पाण्याऐवजी हे केलं असतंस, तर माझा हात कोरडा राहिला असता.”

बोभाटा इतका झाला होता की सरकारला हलावं लागलं. वाघदरीचा रक्ताचा फ्रिज परत आला, भूलतज्ज्ञ आला. मग फिरोज स्वतः उंबरपाड्याला मशीन मागायला गेला, कारण झटके आलेली बाई त्याने पाहिली होती आणि तांबडा निकाल त्याला हवा होता. पाड्याने त्यालाही शिव्या दिल्या, तूही त्यांचाच निघालास म्हणाले. पण शेवटी कुलूप काढलं. काळूराम तोवर आईपासून वेगळा होऊन भिवंडीला कामाला निघून गेला होता. मुलगी म्हातारीकडेच राहिली.

वाघदरीच्या रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्याची कंत्राटी जागा कितीतरी वर्षं रिकामी होती. उत्तराने अर्ज केला. आणखी कोणाचा अर्जच नव्हता, म्हणून फिरोजला तिला घ्यावं लागलं. त्याने तिला कोपऱ्यातली ओपीडीची खोली दिली, कामं सांगितली, आणि कामाव्यतिरिक्त तिच्याशी बोलणं टाळलं. बायका तिच्या दारासमोर रांग धरत नसत. फिरोजची रांग व्हरांड्याच्या टोकाला वळून जायची आणि तिच्या खोलीत माश्या घोंघावत. कोणी परगावचं, तिला न ओळखणारं आलं तर तेवढं. उत्तरा रोज वेळेवर येऊन बसे.

हिवाळ्यात एका सकाळी रखमी आली. कुशीत ती मुलगी, टोपडं घातलेली, खोकत होती. दारातून रखमीने उत्तराला पाहिलं आणि ती मागच्या पावली वळून फिरोजच्या दारापुढे जाऊन बसली. फिरोज शस्त्रक्रियेला आत गेला होता. एका बाईचं मूल आडवं आलं होतं, वेळ लागणार होता. नर्सने म्हातारीला सांगितलं, त्या बाईंना दाखव. रखमीने मान हलवून नकार दिला.

उत्तरा खोलीतून बघत होती. लांबूनही तिला दिसत होतं. प्रत्येक श्वासाला पोरीची छाती खालून आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. न्यूमोनिया. ती उठून व्हरांड्यात गेली आणि म्हातारीसमोर उकिडवी बसली. तिने सांगितलं की पोरीला श्वास पुरत नाही, डॉक्टर बाहेर येईपर्यंत थांबायला नको. रखमीने कूस बदलली आणि पोरीचं तोंड भिंतीकडे केलं. रांगेतल्या एका बाईने उत्तराला बजावलं, म्हातारीला छळू नका. उत्तरा उठली, पण खोलीत परत गेली नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर तिने स्वतः ढकलत आणला, नळी जोडली, औषध भरून ठेवलं, आणि दारात उभी राहिली.

पोरीचं खोकणं थांबलं. रडणंही थांबलं. शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंदच होतं. रखमी त्या दाराकडे बघत राहिली, मग मांडीवर बघितलं. पोरीचे ओठ काळसर पडायला लागले होते.

ती उठली. सगळ्या बायकांदेखत व्हरांडा ओलांडून उत्तराच्या खोलीत आली आणि पोरीला टेबलावर ठेवलं. हात मात्र तिने पोरीच्या पायावरून काढला नाही. उत्तराने तिला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

“पोरीकडं बघ,” रखमी म्हणाली. “माझ्याकडं बघू नको.”

उत्तराने मान खाली घातली, नळी पोरीच्या नाकाशी लावली आणि तिचे श्वास मोजायला लागली.